आत्या बसल्या की गाडी सरळ

डॉक्टरीणबाईंची ड्रायव्हिंगची परीक्षा गुरुवारी होती आणि सोमवारी संध्याकाळी त्यांची गाडी डावीकडे ओढायला लागली.

ओढणं तसं सौम्य होतं. स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी हळूच फुटपाथकडे सरकायची. रस्त्यात कुणी ओळखीचं दिसलं की माणूस सरकतो ना, तशी. डॉक्टरीणबाई तिला खेचून आणायच्या, ती पुन्हा जायची. कोपऱ्यापर्यंत जाऊन येईस्तोवर त्यांचे दंड भरून आले.

"हे तुझ्या स्प्रिंगांमुळे," घरात शिरताशिरता त्या चिरंजीवांना म्हणाल्या.

चिरंजीव महिनाभराच्या सुट्टीवर घरी आले होते आणि आल्याआल्या त्यांनी घरच्या गाडीच्या मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा बसवून घेतल्या होत्या. गाडी चांगली चार बोटं खाली आली. शेजारच्या मांजराचा दुपारचा निवारा गेला. वडिलांनी आक्षेप घेतला तेव्हा चिरंजीव म्हणाले होते, "बाबा, जरा लांबून बघा. गाडी कशी मस्त बसलीय!"

"बसलीय खरी," डॉक्टर म्हणाले होते, "पण उठेल का?"

डॉक्टर दातांचे. लोकांच्या पोरांचे वाकडे दात तारा लावून सरळ करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, पण स्वतःच्या पोराला कुठून तार लावावी हे त्यांना कधी उमगलं नाही. आता बायकोची तक्रार त्यांनी पेपरामागून ऐकली आणि पेपरामागूनच निदान केलं.

"गाडी नाही ओढत. तूच घाबरून डावीकडे वळवतेस."

"मी सरळ धरते हो."

"तुला वाटतं तसं. आणि एवढा अट्टहास कशाला? बस आहे ना."

बस होती, पण ती उपयोगाची नव्हती. गावाबाहेर नवा पोहण्याचा तलाव झाला होता आणि तिथल्या बायकांच्या पहाटेच्या वर्गाला शिकवायला डॉक्टरीणबाईंना बोलावलं होतं. लग्नाआधी त्या पोहण्याच्या शर्यती मारायच्या. लग्नानंतर दवाखान्याच्या टेबलामागे बसून 'उद्या साडेपाचला या, काही खाऊन या' हे सांगण्यात वीस-बावीस वर्षं गेली. सगळं गाव त्यांना डॉक्टरीणबाई म्हणे, म्हणजे नवऱ्याच्या पदवीचाच हा दुसरा भाग. तलावाच्या व्यवस्थापकाने सांगून टाकलं होतं, "पहिली बस इथे पोचेपर्यंत वर्ग संपलेला असतो. स्वतः गाडी चालवत येणार असाल तर येत्या सोमवारपासून या. नाहीतर दुसऱ्या एक बाई तयार आहेत."

त्या दुसऱ्या बाई डॉक्टरीणबाईंना रात्री स्वप्नात दिसू लागल्या होत्या. उत्तम ब्रेक मारायच्या.

ब्रेक हेच डॉक्टरीणबाईंचं दुखणं होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, हे त्यांना पहिल्या परीक्षेत समोर हातगाडी आली तेव्हा कळलं. इतके दिवस दोघांचा मिळून एकच ब्रेक लागत होता आणि तो त्यांचा नव्हता. दुसऱ्या वेळी पहिलीच्या भीतीने त्या नापास झाल्या. म्हणून आता त्या घरच्याच गाडीवर शिकल्या होत्या आणि घरच्याच गाडीवर परीक्षा देणार होत्या. या वेळी हुकलं तर पुढची तारीख महिन्यानंतरची.

"आई, अलाइनमेंट करून आणतो उद्या," चिरंजीव म्हणाले. "गाडी खाली आली की चाकांचे कोन बदलतात. अर्ध्या तासाचं काम. टेन्शन नको."

टेन्शन नको असं चिरंजीव म्हणाले की घरात सगळ्यांना टेन्शन यायचं.

मंगळवारी चिरंजीव आत्यांना व्यायामाच्या बाईंकडून घेऊन परस्परच गॅरेजमध्ये गेले. आत्या म्हणजे डॉक्टरांच्या आत्या, चिरंजीवांच्या आत्याआजी. गुडघ्यांच्या उपचारांसाठी पंधरा दिवस म्हणून आल्या होत्या आणि तिसरा महिना चालू होता. अंगाने भारदस्त, आवाजाने त्याहून. गाडीत त्यांची जागा ठरलेली. मागची सीट, डावी खिडकी, वरची कडी उजव्या हाताने पकडून. ती कडी पकडायला त्यांना आडवं व्हावं लागे, पण 'डावा हात मोकळा असावा, प्रसंग सांगून येत नाही' असं त्यांचं म्हणणं. तिथून त्या गाडी चालवत. "कुत्रं! सायकल! अरे, तो म्हातारा बघ, तो मध्येच वळणार!" म्हातारे वळायचेसुद्धा, आत्यांच्या आवाजाने दचकून.

गॅरेजवाल्याला सगळे वस्ताद म्हणत. गाडी खाली केली होती ती त्यानेच, आणि आता सरळ करायला ती त्याच्याकडेच आली याचं त्याला काही विशेष वाटलं नाही. रॅम्पवर चढवताना गाडीचा बंपर घासला, म्हणून फळ्या लावल्या. फळ्यांवर चढवताना पोट घासलं, म्हणून आणखी फळ्या लावल्या. शेवटी गाडी वर गेली, चारही चाकांना यंत्राची कोन मोजणारी डोकी लागली, आणि वस्तादच्या लक्षात आलं की मागे कुणीतरी बसलंय.

"आजी, जरा उतरता का?"

"कशी उतरू? विहिरीत बसल्यासारखी बसलेय मी. आत घालताना दोघं लागले, काढताना तीन लागतील. आणि आता तर तू मला माळ्यावर चढवून ठेवलंयस."

वस्तादने अंदाज घेतला. मग मान हलवून म्हणाला, "राहू द्या. उलट बरंच आहे. खाली केलेल्या गाडीचं अलाइनमेंट करताना आत वजन असलेलं चांगलं असतं. मोठ्या वर्कशॉपमध्ये मुद्दाम वाळूच्या पिशव्या ठेवतात सीटवर."

"मी वाळूची पिशवी?"

"तसं नाही आजी..."

"मग कशी?"

"पिशवी बोलत नाही," वस्ताद म्हणाला आणि चटकन गाडीखाली गेला.

वजन ठेवतात हे खरं होतं. पण ते आधी चालवणाऱ्याच्या सीटवर ठेवतात, नुसतं मागच्या डाव्या कोपऱ्यात नाही, एवढा तपशील वस्तादने जिथून ही विद्या उचलली तिथेच राहून गेला होता. त्याने नट सैल केले, आवळले, पडद्यावरचे लाल आकडे एकेक करून हिरवे केले. आत्या वरून सूचना देत होत्या. येताना गाडी अशी सरळ धावली की चिरंजीवांनी दोन्ही हात सोडून दाखवले, आणि आत्यांनी ते पुन्हा कसे धरायला लावले ते रस्त्यावरच्या बऱ्याच जणांनी ऐकलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई उत्साहाने सरावाला निघाल्या. गाडी उजवीकडे ओढत होती.

"काल डावीकडे, आज उजवीकडे!" डॉक्टर जेवताना म्हणाले. "बघ, म्हणजे दोष गाडीचा असूच शकत नाही. गाडीला स्वतःचं मत नसतं."

"मग मला आहे?"

"तसं मी म्हटलं नाही."

"तसंच म्हटलंत."

डॉक्टरांनी भाजी वाढून घेतली. त्यांना मनातून थोडं हायसं वाटत होतं आणि त्याची थोडी लाजही वाटत होती. बायको पहाटे तलावावर जाऊ लागली की सकाळी दवाखाना कोण उघडणार, हा प्रश्न त्यांनी अजून कुणाला विचारला नव्हता, पण प्रत्येक घासाबरोबर तो वर येत होता.

बुधवारी सकाळी आत्यांना व्यायामाला सोडायला डॉक्टरीणबाई चिरंजीवांना शेजारी घेऊन गाडी चालवत गेल्या, आणि गाडी सुतात गेली. आत्यांना तिथे उतरवलं, दूध आणायला पुढे गेल्या, तर गाडी उजवीकडे. आत्यांना परत घेतलं, गाडी सरळ. डॉक्टरीणबाईंनी गाडी कडेला थांबवली आणि मागे वळून आत्यांकडे पाहिलं.

"काय गं? माझ्या तोंडाला काही लागलंय?"

"आत्या, मंगळवारी वस्तादने काम केलं तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"इथेच. दुसरीकडे कुठे असणार? कुणी उतरवलं का मला?"

चिरंजीवांनी कपाळावर हात मारला. "आई, गाडी आत्याआजीवर सेट झालीय."

तशीच गाडी वस्तादकडे नेली. तो दारातच उभा होता, आणि आत यंत्राच्या जागी नुसता खांब होता.

"डोकी तपासायला पाठवलीत," वस्ताद म्हणाला. "जरा चुकीचे आकडे दाखवत होती. शनिवारी येतील."

"म्हणजे तुझं मशीनच अलाइनमेंटला गेलंय?" चिरंजीव म्हणाले.

"असं समजा. तोपर्यंत आजींना बसवून चालवा. काय बिघडतं?"

परीक्षेला गाडीत आत्या? डॉक्टरीणबाईंना नुसत्या कल्पनेनेच घाम फुटला. मागच्या महिन्यात घरच्या गल्लीत सराव करताना आत्या पहिल्यांदा बरोबर होत्या. समोर आडवं आलेलं वर्तमानपत्राचं पान पाहून त्या अशा काही ओरडल्या होत्या, की डॉक्टरीणबाईंनी वायपर, हॉर्न आणि दिवे सगळं एकदम लावलं होतं. ब्रेक सोडून.

"तेवढं वजन ठेवू आपण," घरी आल्यावर चिरंजीवांनी तोडगा काढला. "फक्त आत्याआजीचं वजन किती ते कळायला हवं."

"विचार मग."

"मी? तू सून आहेस."

"म्हणूनच मी नाही विचारणार. तू नातू आहेस, तुला दोन धपाट्यांत सोडतील."

चिरंजीवांनी न्हाणीघरातला वजनकाटा उचलला आणि आत्यांच्या खोलीच्या दारात पायपुसणं अंथरून त्याखाली सरकवला, आकडे तेवढे दाराआडून दिसतील असा. आत्या बाहेर आल्या, पायपुसण्यावर उभ्या राहिल्या, पायाखाली काहीतरी हललेलं त्यांना जाणवलं, आणि त्यांनी खाली न बघताच विचारलं, "किती भरले?"

दाराआडून चिरंजीवांनी आकडा सांगितला. इतका भाबडा मुलगा.

मग दवाखान्यातून प्लास्टरच्या पिशव्या आणल्या. दातांचे साचे घ्यायचं पांढरं पीठ ते. आत्यांच्या आकड्याइतकं होईपर्यंत पिशव्या मागच्या डाव्या खिडकीशी रचल्या, पट्टा बांधला. गाडी सरळ चालली. डॉक्टरीणबाईंचा जीव भांड्यात पडला. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी ब्रेक मारला, अगदी स्वतःच्या पायाने, ठणठणीत. पिशव्यांना ती सवय नव्हती. वरची पिशवी पुढे आली, फुटली, आणि गाडीत धुकं पसरलं. चिरंजीव आणि त्यांच्या मातोश्री दोघं पांढरेफटक होऊन खाली उतरले, तेव्हा समोरच्या दुकानदाराने उभ्या उभ्या हात जोडले.

"उद्या परीक्षेत ब्रेक मारायचाच नाही असं ठरवलं तर?" चिरंजीव केस झटकत म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी घरात येऊन तोंड धुवायला ओट्यावरचा नळ सोडला आणि त्या तिथेच टेकून उभ्या राहिल्या. पापण्यांवर पांढरं पीठ होतं, त्यात आता दोन ओल्या रेघा उमटल्या. आत्यांनी ते पाहिलं. काठी टेकत त्या स्वयंपाकघरात आल्या.

"मी येते."

"आत्या, तुम्ही..."

"मी बोलणार नाही."

हे इतकं नवीन होतं की नळ बंद करायचंही कुणाला सुचलं नाही.

"तोंडात लवंग धरून बसते," आत्या म्हणाल्या. "दातात धरलेली लवंग पडू द्यायची नाही म्हटलं की तोंड उघडता येत नाही. माझ्या सासूने मला शिकवलंय ते. तिच्यासमोर मी अकरा वर्षं लवंग धरली, एक सकाळ नाही धरता येणार? पाण्यातली ती तुझी बक्षिसं मी बघितलीयत. ट्रंकेत घालून ठेवलीयस. बुरशी येते अशाने."

गुरुवारी परीक्षेच्या मैदानावर मोठी रांग होती. चिरंजीव गाडी घेऊन आले, आत्या मागे, लवंग दातांत. डॉक्टरांना सकाळी एक अवघड अक्कलदाढ होती, म्हणून ते दवाखान्यात होते. डॉक्टरीणबाईंचा नंबर आला आणि परीक्षा घेणारे साहेब गाडीशी आले. साहेबांचं खात्यात वजन होतं म्हणतात. ते किती होतं याची कुणाला कल्पना नाही, पण खात्याबाहेर ते आत्यांच्या बरोबरीचं होतं.

"मागे कोण?"

"माझ्या आत्तेसासूबाई."

"परीक्षेला फक्त उमेदवार. त्यांना उतरवा."

चिरंजीवांनी दार उघडलं. आत्यांनी मनापासून प्रयत्न केला. एक पाय बाहेर आला, पुढे काही येईना. चिरंजीवांनी हात धरला, पाठीमागच्या उमेदवाराने काठी धरली, शेवटी साहेबांनी स्वतः वाकून दुसरा हात धरला आणि 'हं!' म्हणून ओढलं. आत्या हलल्या नाहीत, साहेबांच्या शर्टाचं एक बटण मात्र निघून सीटखाली गेलं. रांगेतले हॉर्न वाजू लागले.

"असू द्या, असू द्या," साहेब धापा टाकत म्हणाले. "पण एक शब्द बोलायचा नाही हं, आजी."

आत्यांनी ओठ विलगून दातांतली लवंग दाखवली.

साहेब डॉक्टरीणबाईंच्या शेजारी बसले. बसले म्हणजे पडले. गाडीचा पुढचा डावा कोपरा खाली गेला. आत्यांचा हिशेब सगळ्यांनी केला होता, साहेबांचा कुणीच केला नव्हता.

पहिल्या आखलेल्या पट्ट्यात गाडी निघाली आणि सोमवारसारखीच डावीकडे जाऊ लागली. डॉक्टरीणबाईंनी स्टिअरिंग घट्ट धरलं. पांढरी रेघ जवळ येत चालली. साहेबांनी पेन उचललं.

आणि मग गाडी सावकाश सरळ झाली.

डॉक्टरीणबाईंनी आरशात पाहिलं. आत्यांनी कडी सोडली होती. दोन्ही हात सीटवर टेकून, दुखरे गुडघे उचलून, त्या खिडकीपासून मध्यावर आल्या होत्या आणि अजूनही वीतवीत करून उजवीकडे सरकत होत्या. चेहऱ्यावर प्रचंड एकाग्रता. जिभेला लगाम घातल्यावर त्यांची सगळी बुद्धी बहुतेक खालच्या बाजूला उतरली असावी.

"मागे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"गुडघ्यांचा व्यायाम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलंय, एका जागी बसायचं नाही."

"बरोबर आहे. माझेही दुखतात," साहेब म्हणाले, आणि पट्टा नीट दिसावा म्हणून खिडकीबाहेर झुकले. आत्या आणखी उजवीकडे सरकल्या. साहेब सरळ झाले. आत्या परत मध्ये आल्या. रिव्हर्स घेताना साहेबांनी मागे वळून उजव्या बाजूला पाहिलं, तशा आत्या सरसर डावीकडे. आता डॉक्टरीणबाईंना स्टिअरिंगपेक्षा आरशाचाच आधार वाटू लागला होता. चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करायची होती, तिथे आत्या श्वास रोखून अगदी मधोमध बसल्या. गाडी एक बोटभरही मागे आली नाही.

"आता रस्त्यावर एक फेरी," साहेब म्हणाले.

रस्ता शाळेच्या कुंपणाशेजारून जात होता. कुंपणावरून लाल चेंडू उडाला, टप्पा खाऊन गाडीसमोर आला. डॉक्टरीणबाईंना आधी काय जाणवलं असेल, तर मागची शांतता. एरवी या क्षणी मागून 'चेंडू!' आला असता, 'चेंडूमागे पोर असतं!' आलं असतं. काहीच आलं नाही. फक्त 'कट्' असा बारीक आवाज झाला. आत्यांनी लवंग चावली होती.

चेंडूमागे पोर असतं, हे डॉक्टरीणबाईंना मग स्वतःलाच आठवावं लागलं. पाय आपोआप ब्रेकवर गेला. साहेबांच्या बाजूला ब्रेक नव्हता, कुठेच दुसरा ब्रेक नव्हता, होता तो एकच आणि तो त्यांच्या पायाखाली होता. गाडी थांबली. एक मुलगी फाटकातून धावत आली, चेंडू उचलला, गाडीतल्या तिघांना जीभ दाखवली आणि गेली.

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. आत्यांच्या गालावरून घामाचा ओघळ उतरला.

मैदानावर परतल्यावर साहेबांनी शिक्का मारला आणि कागद पुढे केला. "पास. ब्रेक चांगला आहे तुमचा. लायसन्स घरी येईल, तोवर हा कागद चालेल."

डॉक्टरीणबाईंनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला. 'तुमचा' हा शब्द त्यांनी मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिला.

गोष्ट इथेच संपायची, पण साहेबांना उतरता येईना. त्यांनी एक पाय बाहेर टाकला, दार धरलं, छत धरलं, पुन्हा आत बसले. दुसऱ्यांदा 'हं!' म्हणाले. शेवटी चिरंजीवांनी आणि एका शिपायाने मिळून त्यांना बाहेर काढलं. साहेब ताठ झाले, कंबर दाबली, आणि पहिल्यांदाच गाडीकडे लांबून पाहिलं. मग वाकून चाकाच्या वरच्या फटीत बोट घालायला गेले. बोट जाईना.

"बाई, तुमची परीक्षा झाली," ते शांतपणे म्हणाले. "आता गाडीची घेतो. ही एवढी खाली कुणी केली?"

चिरंजीवांनी हात वर केला. घरात इतकं प्रामाणिक कुणीच नव्हतं, आणि ते त्यांना नेहमी महागात पडायचं.

"लायसन्स द्या इकडे. आठवड्याने या, गाडी होती तशी करून. मूळच्या स्प्रिंगा बसेपर्यंत ही गाडी स्वतःच्या इंजिनावर रस्त्यावर दिसता कामा नये."

"साहेब, पण घरी कशी न्यायची?"

"ओढून."

वस्तादला फोन गेला. तो जीप आणि दोर घेऊन आला. गाडी खाली करणारा तो, वाकडी सरळ करणारा तो, आणि आता ओढून नेणाराही तोच, त्यामुळे तो मोठ्या आनंदात होता. "जुन्या स्प्रिंगा माझ्याकडेच पडल्यात," त्याने दोर आवळता आवळता सांगितलं. "शनिवारी डोकी आली की रविवारपर्यंत गाडी होती तशी. सोमवारी पहाटे तुम्ही तलावावर, वहिनी. या वेळी तुम्हालाच सीटवर बसवून मापं घेतो. आता फक्त एक करा. मागच्या गाडीच्या स्टिअरिंगला लायसन्सवाला माणूस पाहिजे."

सगळ्यांनी चिरंजीवांकडे पाहिलं. चिरंजीवांनी साहेबांच्या खिशाकडे पाहिलं. साहेबांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं.

"आहेत की," ते म्हणाले. "आत्ताच झाल्या."

अशा रीतीने परवानाधारक चालक म्हणून डॉक्टरीणबाई पहिल्यांदा गावातून निघाल्या. पुढे वस्तादची जीप, तिच्यात तोंड लपवून बसलेले चिरंजीव, मध्ये दोर, आणि मागे चार बोटं खाली गेलेली, आतून पिठाने पांढरी झालेली गाडी. इंजिन बंद होतं, तरी काम काही कमी नव्हतं. दोर ताठ ठेवायचा, जीप थांबली की ब्रेक मारायचा, वळणावर नेमकी तिच्या चाकांवर चाकं आणायची. लोक दुकानांच्या पायऱ्यांवर येऊन बघत होते. डॉक्टरीणबाईंनी मान वर ठेवली.

दवाखान्यासमोर सिग्नलला जीप थांबली. खिडकीतून डॉक्टरांना आधी दोर दिसला, मग गाडी, मग बायको. हातमोजे न काढताच ते धावत बाहेर आले. त्यांच्यामागून अक्कलदाढवाला पेशंटही आला, अर्धा जबडा बधिर, गळ्यात पांढरा रुमाल.

"काय झालं? कुठे लागलं? नापास झालीस का?" डॉक्टर खिडकीशी वाकले. "जाऊ दे गं. मी सांगतो तुला, सोमवारी मी सोडतो तुला तलावावर. रोज सोडतो. रडू नकोस."

"मी रडत नाहीये. मी पास झाले. गाडी नापास झाली."

"आँ?" डॉक्टर म्हणाले. पेशंटही म्हणाला, पण त्याचं तोंड आधीपासूनच तसं होतं.

मग डॉक्टरांनी मागे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आत्या मधोमध बसल्या होत्या, मान मागे टाकून, तोंड उघडं.

"आत्यांना काय झालं?"

"हळू बोला. झोपल्यात."

डॉक्टर काचेला नाक लावून बघत राहिले. आत्या खरोखरच घोरत होत्या. लहानपणापासून त्यांनी या बाईला सायकलवर नेलं होतं, स्कूटरवर नेलं होतं, या गाडीतून तर गावोगाव नेलं होतं. त्यांच्या मागे बसून आत्यांनी कधी पापणीसुद्धा मिटली नव्हती. उभ्या गाडीतही नाही. एकदा तर गाडी आगगाडीवर चढवून नेली होती, तेव्हाही आत्या आत बसून डॉक्टरांना 'सावकाश' म्हणत होत्या.

"दोराने ओढतायत म्हणून असेल," डॉक्टर काचेवरून नाक काढत म्हणाले.

"असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सिग्नल हिरवा झाला. जीप हलली, दोर ताठ होऊ लागला. डॉक्टर खिडकीची कड धरून दोन पावलं बरोबर चालले.

"अहो, बाजूला व्हा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी गाडी चालवतेय."